पिचचे इशारे (कुमार गटाचे सॉफ्टबॉल)

फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये पुढचा चेंडू (पिच) कोणता आणि प्लेटच्या कोणत्या बाजूला टाकायचा, हे बॅटरला कळू न देता पिचर आणि कॅचरपर्यंत पोहोचवण्याची पद्धत. अमेरिकेत या खेळाच्या कुमार गटांत बहुतांश मुली खेळतात. तिथे हा निर्णय बहुधा प्रशिक्षक डगआउटमधून घेतो आणि कॅचर तो पिचरला कळवते. काही संघांत कॅचर स्वतःच ठरवते.

इशाऱ्याची पहिली गरज कॅचरची असते. क्रिकेटमधला यष्टिरक्षक गोलंदाजाचा हात आणि टप्पा पाहून हालचाल करतो; इथे तेवढी सवड नाही. 14 वर्षांखालील गटापासून पिचिंगचे अंतर 43 फूट (13.11 मीटर) असते, 12 वर्षांखालील गटात 40 आणि 10 वर्षांखालील गटात 35 फूट. चांगल्या शालेय पिचरने ताशी 60 मैल वेगाने टाकलेला चेंडू सुमारे 0.4 सेकंदात प्लेटवर येतो. ड्रॉप बॉल शेवटच्या क्षणी खाली पडतो आणि कॅचरला गुडघे टेकून तो अंगाने अडवावा लागतो. राइज बॉलसाठी ग्लोव्ह वर न्यावा लागतो. कॅचरची अपेक्षा एक आणि चेंडू दुसराच असे झाले, तर तो मागे निसटतो, रनर पुढचा बेस गाठते आणि पाठीमागच्या पंचालाही चेंडू लागू शकतो. शॉर्टस्टॉप आणि सेकंड बेसची खेळाडूही इशारा पाहून आपली जागा ठरवतात. चेंजअप संथ येत असल्याने उजव्या हाताच्या बॅटरची बॅट लवकर फिरते आणि फटका डावीकडे जाण्याचा संभव वाढतो. हे आधी कळले तर एक पाऊल आधीच सरकता येते.

नियमांनीही इशाऱ्याला जागा दिली आहे. पिचरने पिचिंग प्लेटवर हात वेगळे ठेवून उभे राहून इशारा घ्यायचा असतो, निदान घेतल्यासारखे दाखवायचे असते. मगच दोन्ही हात एकत्र आणायचे. अमेरिकी सॉफ्टबॉलच्या नियमांत ते एकत्र ठेवण्याचा काळ किमान 1 आणि कमाल 10 सेकंद आहे.

सर्वांत जुनी आणि आजही रोजच्या वापरातली पद्धत बोटांची. उकिडवी बसलेली कॅचर उजव्या हाताची बोटे मांड्यांच्या मध्ये धरते. एक बोट म्हणजे फास्टबॉल आणि चार बोटे हलवली की चेंजअप, हा संकेत अनेक ठिकाणी आढळतो. बाकीची सांकेतिक भाषा प्रत्येक संघाची वेगळी. त्यानंतर बोट डाव्या किंवा उजव्या मांडीकडे नेऊन दिशा दाखवतात. ही कृती दिसते तितकी सोपी नाही. गुडघे फार उघडले तर पहिल्या बेसजवळच्या प्रतिस्पर्धी प्रशिक्षकाला बोटे दिसतात, म्हणून गुडघे आत ओढायचे. तिसऱ्या बेसची बाजू ग्लोव्हने झाकायची. हात फार खाली गेला तर बोटे मांडीखाली डोकावतात. चार बोटे हलवताना दंडापर्यंत हालचाल पोहोचली, तर चेंजअप येतोय हे डगआउटमधूनही ओळखता येते. संध्याकाळच्या उजेडात बोटे दिसावीत म्हणून कॅचर नखांना भडक रंग लावतात किंवा चिकटपट्ट्या चिकटवतात. पिचरला खूण नीट दिसली नाही तर बाकीची सगळी काळजी वाया जाते, म्हणून ही सवय मला फार मोलाची वाटते.

प्रशिक्षकाचा निर्णय कॅचरपर्यंत दोन मार्गांनी येतो. एकात प्रशिक्षक टोपी, कान, छाती, मनगट अशा ठिकाणी ठरावीक क्रमाने हात लावतो. त्यातल्या बहुतेक खुणा निरर्थक असतात आणि ठरलेल्या खुणेनंतरची तेवढी खरी असते. दुसरा मार्ग मनगटपट्टीचा. पट्टीत छोट्या चौकटींचा छापील तक्ता असतो. प्रशिक्षक तीन आकडे ओरडून सांगतो, कॅचर त्या आकड्यांची चौकट शोधते आणि तिथे पिच व दिशा दोन्ही लिहिलेले असते. एकच पिच अनेक चौकटींत घातल्यामुळे आकडे सर्वांनी ऐकले तरी अर्थ लागत नाही. शंका आली तर इनिंगनंतर तक्ता बदलता येतो. पिचरही पट्टी बांधत असेल, तर ती चेंडू न टाकणाऱ्या हातावर. मग कॅचरला बोटे दाखवावीच लागत नाहीत.

सॉफ्टबॉलमध्ये चेंडू पिचरच्या हातातून सुटेपर्यंत रनरला बेस सोडता येत नाही, पण सेकंड बेसवर उभी असलेली रनर कॅचरची बोटे सरळ पाहू शकते. त्यामुळे तिथे रनर आली की अनेक संघ खुणांचा क्रम बदलतात. तीन खुणा दाखवून दुसरीच खरी मानणे, ही त्यातली सोपी तऱ्हा. गुपित इतर वाटांनीही फुटते. कॅचर फार लवकर कोपऱ्याकडे सरकली तर बॅटरला दिशा कळते. पिचर ग्लोव्हमध्ये पकड बदलताना हात उघडा ठेवत असेल, तर बेसजवळचा प्रतिस्पर्धी प्रशिक्षक पिच ओळखतो. पिचरने दर वेळी आधी एकाच पकडीने चेंडू धरावा आणि ग्लोव्ह मिटल्यावरच पकड बदलावी, हे मुलींना सुरुवातीपासून शिकवले पाहिजे. नुसत्या डोळ्यांनी खुणा ओळखणे मोठ्यांच्या खेळात चालते. लिटल लीग या मुलामुलींच्या खेळाच्या अमेरिकी संस्थेने मात्र लहान गटांत खुणा चोरून बॅटरला कळवणे खिलाडूवृत्तीविरुद्ध मानले आहे, आणि ते योग्यच आहे.

पिच कोणी ठरवावी, हा या विषयातला खरा वाद. अमेरिकी महाविद्यालयांत बहुतेक ठिकाणी प्रशिक्षकच ठरवतात आणि कुमार गटांचे प्रशिक्षक तेच उचलतात. प्रशिक्षकाकडे बॅटरच्या आधीच्या खेळीच्या नोंदी असतात, हे खरे. पण बॅटर प्लेटपासून किती दूर उभी आहे, मागच्या फास्टबॉलला तिची बॅट उशिरा फिरली का, आज पिचरचा ड्रॉप खरोखर पडतोय का, हे कॅचरला सर्वांत जवळून दिसते. बारा-तेरा वर्षांची मुलगी केवळ आकडे वाचून बोटे दाखवत राहिली, तर ती हे पाहणे शिकत नाही. पिचरला मान हलवून इशारा नाकारण्याची मुभाही द्यायला हवी. मनात नसलेला चेंडू बहुधा अर्ध्या विश्वासाने टाकला जातो आणि प्लेटच्या मधोमध येतो. प्रशिक्षकाने सराव सामन्यांत एखादी इनिंग पूर्णपणे कॅचरकडे सोपवावी आणि नंतर प्रत्येक निर्णयाचे कारण तिला विचारावे, ही सर्वांत फलदायी रीत.

यंत्राने खुणा चोरणे मात्र मोठ्यांच्या खेळातही चालत नाही. अमेरिकी बेसबॉलमध्ये ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज संघाने 2017 च्या हंगामात कॅमेऱ्याच्या साहाय्याने खुणा चोरल्याचे सिद्ध झाले आणि जानेवारी 2020 मध्ये शिक्षा झाली. बेसबॉलच्या मेजर लीगने 2022 पासून इशारे पोहोचवणारे ‘पिचकॉम’ हे इलेक्ट्रॉनिक साधन वापरायला परवानगी दिली. पुढे महाविद्यालयीन सॉफ्टबॉलमध्येही डगआउटकडून खेळाडूकडे जाणारा एकमार्गी संदेश मान्य झाला.

महाराष्ट्रात शालेय क्रीडा स्पर्धांत सॉफ्टबॉल 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत खेळले जाते. इथल्या शाळांना महागड्या यंत्रांची गरज नाही. जाड कागदाचा तक्ता आणि इलॅस्टिकची पट्टी पुरते. नव्या संघाने फास्टबॉल व चेंजअप एवढ्या दोन पिच आणि आत-बाहेर एवढ्या दोन दिशांनी सुरुवात करावी, आणि या चार खुणा चुकत नाहीत तोवर पाचवी घालू नये.