ग्रॅहम : गाव इंग्लंडचे, आडनाव स्कॉटलंडचे

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ग्रॅहम हे नाव वायूंच्या विसरणाच्या नियमामुळे ठाऊक असते. तो नियम मांडणारे थॉमस ग्रॅहम (१८०५-१८६९) ग्लासगोचे. त्यामुळे हे आडनाव अस्सल स्कॉटिश असावे असे वाटते. उगम मात्र इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यातल्या ग्रँथम या गावाचा. १०८६ च्या 'डूम्सडे बुक' या महसुली नोंदवहीत हे गाव ग्रँथम, ग्रँडहॅम आणि ग्रॅहम अशा वेगवेगळ्या रूपांत आढळते. 'हॅम' म्हणजे वस्ती. पहिल्या पदाचा अर्थ बहुधा खडी, वाळू. म्हणजे आपल्या 'कर'वाल्या आडनावांसारखेच हे ग्रामवाचक नाव होय. मूळ उच्चारात 'ह' जवळजवळ लोपतो व 'ग्रेअम' असे ऐकू येते.

बाराव्या शतकात राजा पहिला डेव्हिड याच्या आश्रयाने विल्यम डी ग्रॅहम हा सरदार उत्तरेस गेला. १९२८ च्या बरोबर आठशे वर्षे आधी, ११२८ मध्ये, स्थापन झालेल्या होलीरूड मठाच्या सनदेवर साक्षीदार म्हणून त्याचे नाव आहे. पुढे वंशजांना हे परकेपण खुपले असावे. रोमनांची अँटोनाइन भिंत फोडणारा 'ग्रॅमस' नावाचा वीर आपला मूळपुरुष, अशी आख्यायिका रूढ झाली. तिला इतिहासाचा आधार नाही. या घराण्यातील माँट्रोजचा पहिला मार्क्विस जेम्स ग्रॅहम याला १६५० मध्ये एडिंबरो येथे फाशी देण्यात आले; १७०७ मध्ये त्याच्याच वंशात ड्यूकपद आले.

याच नावाची दुसरी शाखा दोन्ही देशांच्या सीमेवर, एस्क नदीकाठी राहत होती. तिथला काही भूभाग इंग्लंडचा की स्कॉटलंडचा याचा निवाडा १५५२ पर्यंत झालाच नव्हता. गुरे पळविणे, खंडणी घेणे हा तेथील अनेक कुळांचा व्यवसाय. त्यांत ग्रॅहम अग्रेसर. १६०३ मध्ये सहावा जेम्स इंग्लंडच्याही गादीवर आला आणि सीमाच राज्याच्या मध्यभागी आली. राजाची दृष्टी प्रथम ग्रॅहमांकडे वळली. (त्यांच्या सुपीक जमिनींवर इतरांचा डोळा होता, हेही विसरता येत नाही.) १६०५ मध्ये अनेकांना नेदरलँड्समधील लष्करी ठाण्यांवर धाडले, बरेच जण पळून परतले. त्यानंतर कुटुंबेच्या कुटुंबे आयर्लंडमधील रॉसकॉमन येथे रवाना झाली. ती वसाहतही टिकली नाही. परत आलेल्यांनी ओळख लपविण्यासाठी आडनाव उलटे करून 'महार्ग' केले, असे सांगतात. पण ते गेलिक भाषेतील स्वतंत्र आडनाव आहे.

आडनावाच्या आजच्या विस्तारात या घडामोडींच्या खुणा दिसतात. ते स्कॉटलंडमध्ये सर्वदूर असले तरी सीमेलगतच्या डम्फ्रीस व इंग्लंडच्या कंब्रिया भागात विशेष दाट आहे. उत्तर आयर्लंडमध्येही, विशेषतः फर्मानामध्ये, ते सर्रास भेटते. तेथून व स्कॉटलंडमधून ते अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात गेले. अमेरिका व जमैकातील अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांचेही हे आडनाव असून त्यामागे गुलामगिरीचा इतिहास आहे.

महाराष्ट्राशीही या नावाचा संबंध आला. मुंबई परिसरातील वनस्पतींची सूची करणारे जॉन ग्रॅहम १८३९ मध्ये खंडाळ्यास निवर्तले. ती सूची त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. कोल्हापूर संस्थानाचा १८५४ चा सांख्यिकी अहवाल मेजर डी. सी. ग्रॅहम यांचा.