वॉशिंग्टनची चेरी : एका देणगीचा इतिहास

मार्च महिना संपत आला म्हणजे अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथें पोटोमॅक नदीच्या परिसरांत लोकांची रीघ लागते. टायडल बेसिन नांवाच्या विस्तीर्ण जलाशयाभोंवतीं चेरीचीं झाडें एकाच वेळीं फुलतात आणि पांढऱ्या फुलांचें प्रतिबिंब पाण्यांत पडून कांठ कोणता व पाणी कोणतें हें क्षणभर उमगत नाहीं. हीं झाडें जपानहून आलीं एवढें बहुतेक प्रेक्षकांस ठाऊक असतें. परंतु त्यांच्यापूर्वीं आलेलीं दोन हजार झाडें याच शहरांत जाळावीं लागलीं, पुढें युद्धाच्या दिवसांत यांतील चार झाडांवर कुऱ्हाड पडली, आणि अखेर ज्या बागेंतून तीं आलीं तिलाच यांच्या डहाळ्या परत पाठविण्याची पाळी आली, हें थोड्यांसच माहीत असतें.

या झाडांचें मूळ टोकियो शहरांत सांपडतें. टोकियोचें जुनें नांव एडो. तोकुगावा राजवटींत प्रत्येक मांडलिक सरदारास एडो येथें वाडा ठेवावा लागे व ठराविक काळ तेथें राहावें लागे. वाड्याभोंवतीं बाग आणि बागेंत चेरीच्या निवडक जाती, असा त्या काळचा शौक होता. 1868 सालीं राज्यक्रांति झाली, सरदार आपापल्या मुलखांत परतले आणि त्यांच्या बागा ओस पडूं लागल्या. ताकागी मागोएमोन नांवाच्या एका माळ्यानें त्या बागांतील दुर्मिळ जाती जमवून जतन केल्या नसत्या तर त्यांपैकीं कित्येक कायमच्या नष्ट झाल्या असत्या. 1886 सालीं कोहोकु गांवचे प्रमुख शिमिझु केन्गो यांनीं या संग्रहांतील 78 जातींचीं झाडें आराकावा नदीच्या बांधावर लावविलीं. पांढरा, गुलाबी, पिवळसर, हिरवट असे नाना रंग तेथें दिसत. म्हणून लोक त्या बांधावरील फुलांना पंचरंगी चेरी म्हणूं लागले.

याच एडो शहराच्या सीमेवर सोमेइ नांवाचें माळ्यांचें गांव होतें. तेथील माळ्यांनीं विक्रीस आणलेली एक जात अल्पकाळांत जपानभर पसरली. योशिनो पर्वत चेरीसाठीं पूर्वापार प्रसिद्ध असल्यामुळें ते तिला योशिनो म्हणूनच विकीत. परंतु योशिनोची पहाडी चेरी निराळी आहे असें ध्यानांत आल्यावर 1900 सालीं या जातीस 'सोमेइ-योशिनो' असें नांव देण्यांत आलें. ही संकरित जात बीजापासून जशीच्या तशी उतरत नाहीं. हापूस आंबा जसा कलमानेंच टिकतो, तशीच हीही टिकते. जगांतील सर्व सोमेइ-योशिनो झाडें एकाच झाडाचीं कलमें आहेत, असें अलीकडील आनुवंशिक परीक्षणांनीं ठरलें आहे. एका ठिकाणचीं सारीं झाडें जवळजवळ एकाच दिवशीं कां फुलतात, याचें रहस्य यांतच आहे.

हीं झाडें वॉशिंग्टनला आणावीं हा विचार प्रथम एका स्त्रीच्या मनांत आला. एलिझा सिडमोर ही प्रवासवर्णनें लिहिणारी अमेरिकन लेखिका. हिंदुस्थानांतील प्रवासावरील तिचें पुस्तक 1903 सालीं प्रसिद्ध झालें. 1885 सालीं ती जपान पाहून परतली, तेव्हां पोटोमॅकच्या कांठीं गाळाची भर टाकून नवी जमीन तयार होत होती. तेथें जपानी चेरी लावावी, अशी सूचना तिनें सरकारी अधिकाऱ्याकडे केली. ती कोणीं मनावर घेतली नाहीं. अधिकारी बदलत गेले, प्रत्येक नव्या अधिकाऱ्यास ती पुन्हां भेटत राहिली, आणि अशीं चोवीस वर्षें गेलीं.

मध्यंतरीं डेव्हिड फेअरचाइल्ड या वनस्पतिशास्त्रज्ञानें 1906 सालीं योकोहामाच्या एका रोपवाटिकेंतून शंभर झाडें मागवून स्वतःच्या जमिनींत लावून पाहिलीं. वॉशिंग्टनची हवा त्यांना मानवली. 1908 सालीं त्यानें शहरांतील प्रत्येक शाळेच्या मुलांस एकेक रोप दिलें. 1909 च्या एप्रिलांत सिडमोरबाईंनीं अध्यक्ष टाफ्ट यांच्या पत्नी हेलन टाफ्ट यांस पत्र लिहिलें. हेलनबाई पूर्वीं जपानांत राहिलेल्या होत्या. दोनच दिवसांत त्यांचें अनुकूल उत्तर आलें. त्याच सुमारास ॲड्रिनॅलिन हें द्रव्य शुद्ध स्वरूपांत वेगळें काढणारे जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने वॉशिंग्टनला आले होते. त्यांनीं आणखी दोन हजार झाडें देऊं केलीं. आणि ती देणगी टोकियो शहराच्या नांवानें द्यावी असें ठरलें.

हीं झाडें 1910 च्या जानेवारींत वॉशिंग्टनला पोंचलीं. कृषिखात्याच्या तज्ज्ञांनीं पेट्या उघडून पाहिल्या, तों मुळांवर सूत्रकृमि, खोडांत कीड आणि फांद्यांवर रोग! तीं लावलीं असतीं तर देशांतील फळबागांस धोका होता. जाळावीं, तर एका मित्रराष्ट्राचा अपमान होण्याची भीति. त्या वेळीं कॅलिफोर्नियांत जपानी मजुरांविरुद्ध मोठी चळवळ होऊन गेलेली होती आणि दोन्ही सरकारांत त्याविषयीं 1907–08 सालीं नाजूक समझोता झालेला होता. अशा वेळीं जपानची भेट होळींत घालणें सोपें नव्हतें. तथापि 28 जानेवारीस अध्यक्ष टाफ्ट यांनीं संमति दिली आणि झाडें जाळण्यांत आलीं.

परंतु या होळीनें मैत्री जळली नाहीं. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यानें जपानी राजदूताकडे मनापासून खेद व्यक्त केला. टोकियोचे महापौर युकिओ ओझाकी यांनीं तो उदारपणें स्वीकारला आणि दुसरी देणगी पाठविण्याचें ठरविलें. या वेळीं खबरदारी मोठी होती. 1910 च्या डिसेंबरांत आराकावाच्या बांधावरील झाडांच्या डहाळ्या घेऊन ह्योगो प्रांतांतील इतामी येथें वाढविलेल्या निरोगी खुंटांवर त्यांचीं कलमें बांधण्यांत आलीं. 1912 च्या फेब्रुवारींत 12 जातींचीं 3,020 झाडें योकोहामाहून आवा मारू या बोटीनें निघालीं. त्यांत 1,800 एकट्या योशिनोचीं होतीं. 27 मार्च 1912 रोजीं हेलन टाफ्ट व जपानी राजदूताच्या पत्नी व्हायकाउंटेस चिंदा यांनीं टायडल बेसिनच्या उत्तर कांठावर पहिलीं दोन झाडें लावलीं. त्या समारंभास सिडमोरबाईही हजर होत्या.

या झाडांचा खरा आनंद लुटावयाचा तर तीं ओळखतां आलीं पाहिजेत. प्रथम चेरी आणि प्लम यांतील भेद पाहावा. चेरीच्या खोडावर आडव्या रेघा असतात. पाकळीच्या टोंकाला लहानशी खांच असते. आणि एका कळींतून दोन-चार फुलें लांब देंठांवर लोंबतात. प्लमची पाकळी टोंकाला गोल असते. योशिनोचें फूल पांच पाकळ्यांचें. कळी गुलाबी, उमललें कीं जवळजवळ पांढरें. पानें फुलांच्या मागाहून येतात, आणि जवळ गेल्यास बदामासारखा मंद वास जाणवतो. त्यांतच एखादें झाड फिकट गुलाबी राहिलेलें दिसलें तर तें योशिनोपासूनच निपजलेलें अकेबोनो असण्याचा संभव. अकेबोनो म्हणजे पहांट.

योशिनोचा बहर ओसरल्यावर सुमारें दोन आठवड्यांनीं क्वांझान फुलतें. त्याचीं फुलें दुहेरी, दाट पाकळ्यांचीं, गडद गुलाबी. कोंवळीं पानें तांबूस. फुगेन्झो हीही दुहेरी जात. पण फुलाच्या मधोमध दोन हिरवीं पानांसारखीं टोंकें वांकलेलीं दिसतात. फुगेन म्हणजे बौद्धांचा समंतभद्र बोधिसत्त्व. त्याचें वाहन शुभ्र हत्ती, आणि त्या हत्तीवरून या फुलास हें नांव पडलें. इचियो म्हणजे 'एक पान'. त्याच्या फुलांत असें एकच टोंक असतें. ग्योइको हें त्याहून नवलाचें. त्याचीं फुलें पिवळट हिरवीं, नांव दरबारी वस्त्राच्या रंगावरून पडलेलें. त्याचीं वीसही झाडें अध्यक्षांच्या निवासाच्या आवारांत लावण्यांत आलीं.

चेरीचें हें कुल हिंदुस्थानास परकें नाहीं. वैद्यांच्या औषधांत येणारें पद्मकाष्ठ हें हिमालयांतील रानचेरीचें लांकूड होय. तें झाड मात्र वसंताची वाट पाहत नाहीं. शिलाँगच्या डोंगरांत तें नोव्हेंबरांतच गुलाबी होतें.

वॉशिंग्टनच्या झाडांवर पुढें दोन संकटें आलीं. 1938 सालीं जेफर्सन यांच्या स्मारकासाठीं कांहीं झाडें काढण्याचें ठरतांच शहरांतील स्त्रियांनीं निषेध केला, कांहींनीं तर स्वतःस सांखळदंडानें बांधून घेतलें. आणखी झाडें लावण्याच्या वचनावर तो तंटा मिटला. दुसरें संकट याहून दारुण. 7 डिसेंबर 1941 रोजीं जपाननें पर्ल हार्बरवर हल्ला केला. 11 डिसेंबरला चार झाडें तोडलेलीं आढळलीं. तीं कोणीं तोडलीं हें सिद्ध झालें नाहीं, पण तो राग कशाचा हें सांगावयास नको होतें. युद्ध संपेपर्यंत त्यांना कोणी जपानी म्हणत नसे, 'पौर्वात्य' म्हणत. 1935 पासून होणारा फुलांचा उत्सव बंद पडला तो 1947 पर्यंत.

युद्धाच्या काळांत इकडे आराकावाच्या बांधाची दैना झाली. ताकागीनें वांचविलेला आणि शिमिझूंनीं फुलविलेला तो संग्रह ओसाड होत गेला. तेव्हां जपाननें मदत मागितली, आणि 1952 सालीं वॉशिंग्टनच्या झाडांच्या डहाळ्या टोकियोला रवाना झाल्या. जें लेंकरूं परदेशीं धाडलें होतें, त्यानेंच आईचें घर सांवरलें. 1981 सालीं जपानांत पुरानें झाडें वाहून गेलीं, तेव्हां पुन्हां वॉशिंग्टनहूनच कलमें गेलीं.

योशिनो दीर्घायुषी झाड नव्हे. 1912 सालच्या झाडांपैकीं आज थोडींच उरलीं आहेत. उत्तर कांठावरील तीं पहिलीं दोन मात्र त्यांत आहेत. टायडल बेसिनची भिंत खचत चालल्यामुळें 2024 सालीं तिच्या दुरुस्तीसाठीं दीडशेंच्या सुमारास चेरीचीं झाडें काढावीं लागलीं. त्याच वर्षीं जपाननें 250 नवीं झाडें देण्याचें जाहीर केलें. योशिनोचें फूल फार तर दहा-बारा दिवस टिकतें, झाड माणसाच्या आयुष्याएवढें. पण वेळेवर कलम बांधणारा हात असला तर जात टिकते. दोन राष्ट्रांतील सद्भाव तरी याहून निराळ्या रीतीनें कोठें टिकतो?