वीज आणि वाणी यांची सोयरीक

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले, १८६१ मध्ये मध्यप्रांताची मुलकी घडी बसली, आणि १८६४ मध्ये नागपुरात वेड्यांचे इस्पितळ उभे राहिले. मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाने रोगी दाखल होण्याच्या त्या काळात इलाजापेक्षा बंदोबस्ताचीच चिंता अधिक असावी. आज ते प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पण ऑटोवाल्यास विचाराल तर तो 'पागलखाना चौक' एवढेच ओळखतो.

नैराश्यावर मेंदूची उत्तेजना आणि संभाषण एकाच बैठकीत योजण्याची जी रीत अलीकडे निघाली आहे, तिच्या दोन्ही शाखा या वास्तूहून वयाने लहान. रोममध्ये १९३८ साली चेर्लेत्ती आणि बिनी यांनी विजेचा शॉक रूढ केला. तीव्र नैराश्यात तो खरोखरच गुणकारी; परंतु रोगी त्या वेळी शुद्धीवर नसतो, आणि २०१७ च्या आपल्या कायद्याने तर भूल दिल्यावाचून शॉक देण्यास मनाईच केली आहे, त्यामुळे वाणीला तेथे शिरकाव नव्हता. दुसरी शाखा निव्वळ बोलण्याची: अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांच्या घरात आणली. या दोन घराण्यांत येणेजाणे फारसे नव्हते. पहिल्याला दुसरे बोलघेवडे वाटे, दुसऱ्याला पहिले रानटी.

सोयरीक जुळविली ती चुंबकाने. फॅरडे यांचा विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा १८३१ चा सिद्धांत हाताशी धरून शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी १५४ वर्षांनी, म्हणजे १९८५ साली, डोक्यावर तारेचे वेटोळे धरले, आणि पूर्ण जाग्या माणसाच्या हाताचे स्नायू आपोआप हलले. २००८ मध्ये अमेरिकेत नैराश्यासाठी या यंत्रास परवानगी मिळाली. त्याचा परिचित क्रम असा: चार सेकंद टकटक, सव्वीस सेकंद विश्रांती, असे साडेसदतीस मिनिटे. कानांत बोळे घालून खुर्चीत बसलेला रोगी या मधल्या विश्रांतीत बोलू शकतो, आणि माझ्या मते या उपचाराचा जन्म त्या सव्वीस सेकंदांतच आहे.

नेदरलँड्समधील १९६ रोग्यांवरच्या २०१८ च्या अभ्यासात दोन्ही उपचार एकत्र दिले गेले. ६६ टक्के रोग्यांत ठळक सुधारणा झाली, ५६ टक्क्यांचे नैराश्य जवळजवळ ओसरले. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, तेव्हा यंत्राचा वाटा किती आणि वाणीचा किती, याचा हिशेब त्या दप्तरातून निघत नाही. म्हणून आप्तांनी यंत्राची किंमत विचारण्याआधी ते चालू असता खुर्चीशेजारी बोलायला कोण बसणार, हे विचारावे.