अडत्या, लंडनचा आणि आमचा

मंडळी, मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे दोन महिने इथे काही लिहिलं नाही. आज बसले त्याला कारण आमची नात.

ती पुण्यात नोकरी करते आणि रात्री जागून तिने इंग्रजीत एक कादंबरी लिहिली आहे. गेल्या महिन्यात तिला एका 'लिटररी एजंट'ची मेल आली. कादंबरी फार आवडली, परदेशी प्रकाशक मिळवून देतो, फक्त वाचनाचे आणि संपादनाचे म्हणून अठरा हजार रुपये आधी भरा. पोरीने निम्मे भरलेसुद्धा! मग शंका आली म्हणून मला फोन. "आजी, तू इतिहासाची बाई ना, हे एजंट लोक पहिल्यापासून असेच होते का गं?"

आपल्या मराठीला हा प्राणी फारसा माहीत नाही. आपला लेखक बाड घेऊन थेट प्रकाशकाकडे जातो, मौजेच्या श्री. पु. भागवतांसारखा संपादक भेटला तर नशीब. लंडन-न्यूयॉर्कचे बहुतेक मोठे प्रकाशक मात्र एजंटाकडून न आलेलं बाड वाचतही नाहीत. त्यामुळे नवा लेखक अडतो, आणि अडलेल्याला गाठणारे असतातच. म्हणून मी एका डोळ्याने का होईना, वाचायला बसले.

या धंद्याचा मूळ पुरुष म्हणजे ए. पी. वॉट, लंडनमध्ये राहिलेला स्कॉटिश माणूस. सुमारे १८७५ साली जॉर्ज मॅकडोनल्ड या लेखकाने आपल्या गोष्टी विकून दे म्हणून त्याला गळ घातली. सुरुवात अशी मैत्रीखातर झाली, पुढे त्याचा धंदा झाला. त्याचा दर ठरला दहा टक्के, तोही पुस्तक विकलं गेल्यावर, आलेल्या पैशातून.

हे वाचलं आणि मला वडील आठवले. बैलगाडीत कांदा भरून ते लासलगावला जायचे. तिथे अडत्या लिलाव करायचा आणि पट्टीतून आपली अडत कापून घ्यायचा. माल विकला गेलाच नाही तर अडत कसली? त्यामुळे चार आणे जास्त भाव मिळावा म्हणून तोही घसा कोरडा करायचा. वॉटचं गणित अगदी हेच!

त्या गणिताचा फायदा कसा व्हायचा, ते आर्थर कॉनन डॉयलकडे बघा. शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी त्याने १८८६ साली, सगळ्या हक्कांसकट, पंचवीस पौंडांना विकून टाकली. एकरकमी, पुढे काही मागायची सोय नाही. १८९१ साली होम्सच्या लघुकथा 'स्ट्रँड' मासिकाकडे गेल्या त्या वॉटच्या हातून, आणि डॉयलचे दिवस पालटले. आपल्या मुंबईत जन्मलेला किपलिंगही वॉटकडेच होता.

पण वॉट बहुतेक नावाजलेल्यांचाच माल घ्यायचा. नव्यांना हात दिला जे. बी. पिंकरने. त्याने १८९६ साली लंडनमध्ये कचेरी उघडली. जोसेफ कॉनरॅड हा पोलंडचा माणूस, खलाशाची नोकरी करून आलेला, इंग्रजी मोठेपणी शिकलेला, कायम कर्जात. पिंकर त्याला उचल देत राहिला आणि ती हजार पौंडांच्या वर गेली. १९१० साली दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, कॉनरॅडने अंथरूण धरलं, बोलणं बंद. तरी पिंकरने त्याचं काम सोडलं नाही. पुढे 'चान्स' कादंबरी खपली तेव्हा कुठे ओझं उतरलं. इतकी वर्षं कळ काढणारा माणूस आपल्याला कुठे मिळायचा!

आणि गंमत बघा, गंमत कसली, दुःखच. पिंकर १९२२ साली गेला आणि गादीवर त्याचा मुलगा एरिक आला. पाटी तीच, अब्रू तीच. १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये याच एरिकला, ई. फिलिप्स ओपनहाइम या लेखकाचे पैसे खाल्ले म्हणून सिंग सिंगच्या तुरुंगात जावं लागलं. प्रकाशक पैसे देतो एजंटाला, तो आपला वाटा कापून उरलेले लेखकाला देतो, ही पद्धत. मधल्या मुक्कामात पैसे अडकले तर लेखकाला पत्ताच लागत नाही. २०१८ साली न्यूयॉर्कच्या एका जुन्या, नामांकित एजन्सीत हेच झालं. हिशेबनिसाने चौतीस लाख डॉलर लांबवले होते. 'फाइट क्लब'चा लेखक चक पलानिक त्यात पोळला. (आमच्या वडिलांनाही एका अडत्याने पट्टीचे पैसे तीन महिने दिले नव्हते. आईच्या पाटल्या गेल्या त्यात. असो.)

म्हणून हल्ली काही लेखक करारातच लिहून घेतात की प्रकाशकाने दोघांचे वाटे वेगवेगळे पाठवावेत. कमिशन आता बहुधा पंधरा टक्के असतं. अमेरिकेतल्या एजंटांच्या संघटनेत वाचनशुल्क घ्यायला सभासदांना बंदीच आहे.

नातीला मी एवढंच सांगितलं, "त्याला विचार, आजवर कुठली पुस्तकं कुठल्या प्रकाशकाला विकलीस? मग त्या प्रकाशकाला आणि लेखकांना तू स्वतः विचार." तिने मेल केली. उलट टपाली दुसऱ्या हप्त्याची आठवण आली, पुस्तकांची नावं काही आली नाहीत. तिने उरलेले पैसे भरले नाहीत. भरलेले नऊ हजार गेले ते गेलेच. दोन दिवस रडली पोर, पैशासाठी नव्हे. 'फार आवडली' हे खोटं होतं म्हणून.

आता तिने पहिली तीन प्रकरणं नीट चौकशी करून तीन ठिकाणी पाठवली आहेत. अजून कोणाचं उत्तर नाही. मी म्हटलं, मला दे वाचायला. "आजी, इंग्रजी आहे गं." असू दे की! शब्दकोश उशाशी घेतला आहे, चाळीस पानं झाली आहेत. त्यातली म्हातारी माझ्यासारखी बोलते असा मला दाट संशय आहे.