सुगडातले बोर

संक्रांतीच्या सुगडात काय काय भरतात, हे एकदा वर्गात विचारून पाहावे. उसाचे तुकडे, गाजर, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, तीळ आणि बोरे अशी उत्तरे येतील. मग दुसरा प्रश्न विचारावा: यांपैकी कोणते आपण पेरत नाही? थोड्या विचाराअंती एखादा विद्यार्थी बोराचे नाव घेईल. आज बोरांच्याही बागा आहेत, पण माळावरच्या आणि बांधावरच्या बोरी कोणी लावलेल्या नसतात. पिंपरी-चिंचवडमधल्या मुलांना बोरे मंडईत मिळतात, हे माहीत असते. त्यांच्यापैकी काहींच्या आजीने मात्र ती ओट्यात भरून आणलेली असतील.

रानातली फळे आणि बिया गोळा करून घरी वापरणे ही सवय शेतीहूनही जुनी आहे. तिचा इतिहास लिहिणे मात्र कठीण. धान्यावर सारा बसत असे, म्हणून धान्याच्या नोंदी राहिल्या. पण ओंजळभर करवंदांची नोंद कोण ठेवणार? तरीही हा इतिहास अगदीच पुसला गेलेला नाही.

राखेतला पुरावा

पवना, इंद्रायणी, भामा, घोड या नद्यांचे पाणी शेवटी भीमेलाच मिळते. यांतल्या घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. सुमारे इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन वसाहत तेथे उजेडात आली. हे लोक शेतकरी होते. ते सातू, कडधान्ये पिकवीत आणि गुरे पाळीत. तरीही त्यांच्या घरांच्या मातीत धान्याबरोबर बोराच्या आठळ्या सापडल्या.

तीन हजार वर्षांत आठळी कुजली कशी नाही? कारण ती जळली होती. चुलीत पडलेली बी पुरेशा हवेअभावी पूर्ण जळून राख न होता कोळसा बनली, तर तिचा आकार टिकतो आणि जिवाणूंना व बुरशीला तिच्यात खाण्याजोगे काही उरत नाही. अभ्यासक अशी माती पाण्यात कालवतात. माती तळाशी बसते, हलका कोळसा वर तरंगतो. तो गाळून भिंगाखाली पाहिला की बी ओळखता येते. म्हणजे जेवणातला जो भाग चुकून चुलीत पडला, तोच इतिहासाला मिळाला. सालीसकट खाल्लेले मऊ फळ मागे काहीच ठेवत नाही.

इनामगावच्या शेवटच्या कालखंडात, सुमारे इ. स. पूर्व १००० नंतर, मोठ्या चौकोनी घरांची जागा लहान गोल झोपड्यांनी घेतली. उत्खननाचे एक प्रमुख डॉ. म. के. ढवळीकर यांच्या मते हवामान कोरडे होत गेले, शेती ढासळली आणि लोक शिकारीवर व रानातल्या अन्नावर अधिक विसंबू लागले. शेतीने दगा दिला तेव्हा रानाने हात दिला.

दापोडीची बाग

आता एकदम एकोणिसाव्या शतकात येऊ. मुळा आणि पवना यांच्या संगमाजवळचे दापोडी आज पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आहे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८ मध्ये तेथे सरकारी वनस्पती-उद्यान सुरू केले. डॉ. अलेक्झांडर गिब्सन १८३८ पासून त्याचे अधीक्षक होते. १८४७ मध्ये तेच मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. त्या सुमारास एका भारतीय चित्रकाराने या बागेतील वनस्पतींची सुरेख चित्रे काढली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती-उद्यानात जपलेली आहेत. चित्रकाराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

इलाख्याच्या जंगलांवर सरकारी देखरेख सुरू करणारा हा माणूस दापोडीच्या बागेचा प्रमुख होता, ही गोष्ट स्थानिक इतिहास शिकवताना सांगण्यासारखी आहे. जंगले तुटली की ओढे आटतात, याकडे गिब्सन यांनी त्या काळी लक्ष वेधले होते. त्यांची कळकळ खरी होती. परंतु पुढे १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगले ठरवली, तेव्हा गावकऱ्यांचा वहिवाटीचा हक्क म्हणजे सरकारने दिलेली सवलत, असा अर्थ झाला. काल जे आपल्या रानातले फळ होते, त्याला सरकारी दप्तरात 'गौण वनोपज' हे नाव मिळाले.

दोन प्रकारच्या नोंदी

१८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये हिरड्याची नोंद आहे. खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतील पश्चिमेकडच्या डोंगरांत महादेव कोळी आणि इतर लोक हिरडा गोळा करीत, आजही करतात. हिरड्यात टॅनिन भरपूर असते. ते कातडे कमावण्यास लागत असल्याने हिरड्याला परदेशातही मागणी होती. म्हणून तो दप्तरात आला.

दुसरी नोंद दुष्काळाची. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळानंतर डॉ. जे. सी. लिस्बोआ यांनी इलाख्यातील उपयुक्त वनस्पतींचा जो ग्रंथ १८८६ मध्ये सिद्ध केला, त्यात दुष्काळात खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींचे स्वतंत्र प्रकरण आहे.

विकण्याचे फळ आणि उपासमारीचे फळ, अशा दोन वाटांनीच रानातले अन्न मुख्यतः कागदावर आले. चांगल्या सालीही घरोघर आवडीने खाल्ले जाणारे फळ या दोन्ही नोंदींच्या मधून निसटले. त्यातून रानातले खाणे म्हणजे गरिबीचे खाणे, असा समज आपल्या मनात बसला. तो इतिहासाच्या दृष्टीने चूक आहे.

या अन्नाकडे अन्न म्हणून पाहणाऱ्यांमध्ये पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक यांचे नाव घ्यावे लागेल. पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील खाद्य रानवनस्पतींवरील त्यांचा लेख १९५९ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला.

आजीचे रसायनशास्त्र

या खाण्यामागे पारखून घेतलेले ज्ञान होते. बिब्ब्याचे उदाहरण घ्या. त्याच्या टरफलातला काळा चीक कातडीला लागला तर फोड येतात. त्याच चिकाने परीट कपड्यांवर न पुसणाऱ्या खुणा करीत. पण टरफलाच्या आतली बी, म्हणजे गोडंबी, बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांत पडते. कोणता भाग टाकायचा, कोणता ठेवायचा आणि हाताला तेल लावून टरफल कसे फोडायचे, हे पाठ्यपुस्तकाने शिकवलेले नाही. भोकराचा चिकट गर, कच्च्या करवंदाचा चीक, आवळ्याचा तुरटपणा यांवरही घरोघर तोडगे होते. हे ज्ञान बहुतांशी बायकांचे आणि मुलांचे. म्हणूनही ते लिहिले गेले नसावे.

आणखी एक फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. बाजाराला बाळहिरडा हवा असतो, म्हणजे आठळी धरण्याआधीचे कोवळे फळ. त्यातून झाड उगवत नाही. करवंद, जांभूळ, बोर माणूस पिकल्यावर खातो आणि बी वाटेत थुंकतो. म्हणजे घरासाठी फळे वेचणारा माणूस पक्ष्यांप्रमाणेच बीजप्रसारही करीत होता. बांधावरच्या कित्येक बोरी अशाच उगवल्या असतील.

गावांची नावे

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले, १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिका झाली आणि १९९० नंतर चाकणच्या माळांवर कारखाने उभे राहू लागले. या कारखान्यांनी हजारो घरांना भाकरी दिली, हे विसरून चालणार नाही. पण माळ सपाट झाले आणि बांध गेले, तशा बांधावरच्या बोरीही गेल्या. चिंचवड, आंबेठाण, बोरदरा, करंजविहिरे या नावांत झाडे अजून ऐकू येतात. गावांच्या नावांवरून निष्कर्ष जपूनच काढावेत, पण चौकशीला सुरुवात म्हणून ती चांगली.

ही चौकशी शाळाच करू शकते. आठवी-नववीच्या प्रत्येक मुलाने घरातल्या वा शेजारच्या सर्वांत वृद्ध व्यक्तीला चार प्रश्न विचारावेत: कोणते फळ आणत होता? कोणत्या महिन्यात? कोठून? घरी त्याचे काय करीत होता? आज या शहरात राज्याच्या सर्व भागांतून आणि बाहेरूनही आलेली कुटुंबे राहतात. त्यामुळे एका वर्गातच मोहापासून कोकमापर्यंतची यादी तयार होईल. मात्र अनोळखी फळ चाखून पाहू नये आणि कारखान्यांच्या सांडपाण्याजवळचे फळ खाऊ नये, एवढे मुलांना आधीच बजावून सांगावे.

इनामगावच्या आठळीला टिकण्यासाठी चुलीत पडावे लागले. आजीच्या आठवणीसाठी एक वही पुरेशी आहे. पण वहीला चुलीइतका धीर धरता येणार नाही. ती याच वर्षी उघडायला हवी.