तळटीप : वापराची ओळ

* वापराची ओळ : आज्ञा कशी लिहावी, याचा एका ओळीतला नमुना. समजा, लोकलच्या वेळा सांगणारा प्रोग्रॅम आहे : 'लोकल [--जलद] स्थानक...'. यात चौकटी कंसातले ऐच्छिक. ज्यापुढे तीन ठिपके, ते अनेकदा देता येते. जीएनयूच्या संकेतानुसार '--हेल्प' दिल्यास मदत स्टँडर्ड आउटपुटवर छापून प्रोग्रॅम 0 हा यशाचा कोड देऊन संपतो. चुकीच्या वापराचा संदेश मात्र स्टँडर्ड एररवर जावा आणि कोड शून्येतर असावा. नाहीतर पाइपने जोडलेला पुढचा प्रोग्रॅम त्या संदेशालाच माहिती समजेल. 'लोकल --जलद नाहूर' लिहिणाऱ्यावर सगळी मदत ओतू नये. 'नाहूरला जलद लोकल थांबत नाही. --जलद काढून पाहा' एवढे सांगावे. अडलेल्याला नेमकी चूक आणि पुढची वाट दाखवणे हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे कर्तव्यच आहे. — संपा.