आल्पुहार्रा : पाणी, ग्रामनामे आणि अन्न

स्पेनच्या दक्षिणेस सिएरा नेवाडा पर्वताच्या दक्षिण उतारावर, ग्रानादा व आल्मेरिया या प्रांतांत, आल्पुहार्रा हा डोंगरी मुलूख पसरलेला आहे. पायऱ्यापायऱ्यांची शेते, त्यांना भिजविणारे पाट आणि सपाट मातीच्या धाब्यांची पांढरी घरे ही त्याची ओळख होय. एखाद्या भूमीवरील बहुतेक वस्ती उठविली गेल्यास तिच्या विद्येचे व भाषेचे काय होते, या प्रश्नाच्या दृष्टीने हा प्रदेश अभ्यसनीय आहे.

१४९२ मध्ये ग्रानादाचे राज्य कॅस्टीलच्या अंमलाखाली गेले. पुढे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या तेथील मुसलमान प्रजेस मोरिस्को म्हणत. १५६७ च्या जानेवारीत पुकारलेल्या राजाज्ञेने त्यांना तीन वर्षांत कॅस्टीलची भाषा शिकून अरबीचा त्याग करण्यास फर्माविले. भाषा व वेष या धर्माच्या नव्हे, तर देशाच्या रीती आहेत, अशी बाजू फ्रान्सिस्को नुन्येस मुले या वृद्ध मोरिस्कोने मांडली. ती मान्य झाली नाही. १५६८ च्या नाताळात उद्भवलेले बंड १५७१ पर्यंत मोडण्यात आले. मोरिस्कोंना इतर प्रांतांत हलवून त्यांच्या जमिनींवर नवे ख्रिस्ती वसाहतकरी आणले गेले.

या घडामोडींचा भाषिक पुरावा तपासताना सावधगिरी हवी. पाटास 'आसेकिया' आणि तळ्यास 'आल्बेर्का' म्हणतात. दोन्ही शब्द अरबी 'साकिया' व 'बिर्का' यांपासून आले. परंतु ते कॅस्टीलच्या भाषेत पूर्वीच रुळले होते; वसाहतकऱ्यांनी ते बरोबरही आणले असतील. उलट, जिल्हावाचक 'ताआ' हा शब्द, मूळ अरबी 'ताअ' म्हणजे आज्ञापालन, स्थानिक परंपरेचा आहे. तो 'ला ताआ' या ग्रामसंघाच्या नावात आजही आढळतो. पाम्पानेइरा, कापिलेइरा ही नावे गॅलिसियाच्या वसाहतकऱ्यांनी दिली, असा लोकसमज आहे. तथापि बंडापूर्वीच्या मुलखाच्या वर्णनातही ती येतात. त्यांचा प्रत्यय लॅटिनोद्भव असून अरबी राजवटीतही टिकून राहिलेल्या बोलीची ती खूण मानावी लागते.

अन्नाचा इतिहास वेगळा आहे. डुकराचे मांस टाळणे हा धर्मद्रोहाचा पुरावा मानला जाई. आज याच मुलखातील त्रेवेलेस गाव वाळविलेल्या डुकराच्या मांडीकरिता प्रसिद्ध आहे; येथील प्रसिद्ध ताटात तिच्याबरोबर अंडे आणि अमेरिकेतून आलेला बटाटाही असतो.

अन्नावर धर्माची नजर होती, म्हणून ते पालटले. पाण्याची व्यवस्था मात्र नव्या धन्यांनाही स्वीकारावी लागली. तिच्यावाचून उतारावरील शेती अशक्य होती. 'कारेओ' पद्धतीत वितळलेल्या बर्फाचे पाणी पाटांनी नेऊन वरच्या उतारांत मुरवितात आणि ते उन्हाळ्यात खालच्या झऱ्यांना येते. विसाव्या शतकात गावे ओस पडू लागल्यावर अनेक पाट बुजले. २०१४ पासून ग्रानादा विद्यापीठाच्या अभ्यासकांनी ग्रामस्थांसह त्यांपैकी काही पुन्हा वाहते केले. राजाज्ञेने जे साधले नाही, ते ओस गावांनी साधू नये, हा या कार्याचा अर्थ होय.